धोंडोपंतांच्या वाटेने

गेल्या डिसेंबरात मी आणि आमचे चिरंजीव सायकलींवरून मुरुडाहून साताऱ्याला आलो. मुरूड म्हणजे जंजिऱ्याचे नव्हे; दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे. वाटेत एक समुद्रकिनारा, एक मोठा घाट, तीन-चार नद्या आणि एक धरण लागते, आणि सारे मिळून अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत-बाहेर भरते. सायकलीचे शौकीन हे अंतर दोन दिवसांत तोडतात, असे मला मागाहून सांगण्यात आले. आम्हांला चार दिवस लागले. एवढ्यावरून आम्ही शौकीन नव्हतो हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

खरे म्हणजे कुठे जावे असे दोघांनाही वाटत नव्हते. चिरंजीव बारावीला गणितात नापास झाले आणि मग जुलैच्या परीक्षेत पुन्हा झाले. पहिल्या खेपेला घरात रडारड झाली, ती परवडली. दुसऱ्या खेपेला कोणीच काही बोलले नाही. मुलगा सकाळी उठे, दूध आणी, जेवे आणि माळ्यावर जाऊन बसे. मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. दिवसभर पन्नास-पन्नास पोरांशी बोलून घरी आलो, की या एका पोराशी काय बोलावे ते सुचत नसे. एकदा सौ. म्हणाली, "तुमच्या कादंबऱ्यांत बापलेक पानंच्या पानं बोलतात. त्यातलंच एखादं पान काढून वाचून दाखवा त्याला."

हा टोला मला लागला. पण मुरूड-साताऱ्याचे डोक्यात आले ते त्यामुळे नव्हे. ते माझ्या वर्गातल्या एका जुन्या गोष्टीमुळे.

ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगतो. १८७५ साली धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे होते. मराठी सहावीची सरकारी परीक्षा ही त्या काळी मोठी बाब होती. ती पास झाली की मास्तरकी मिळे. परीक्षेचे ठिकाण सातारा. भर पावसाळा. धोंडोपंत आणि त्यांचे काही सोबती मुरुडाहून पायी निघाले. एकशेदहा मैल तुडवून, सह्याद्री चढून, चौथ्या दिवशी साताऱ्याला पोचले. तिथे कमिटीच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. वय बरोबर होते, अंगकाठी तेवढी लहान होती. धोंडोपंत आले तसे परत गेले. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले. नंतर गणित घेऊन बी. ए. झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणितच शिकवले. विधवांसाठी आश्रम, महिलांचे विद्यापीठ, शंभराव्या वर्षी भारतरत्न, हे सारे त्यापुढचे.

गोष्ट इथे संपत नसे. मी जरा थांबे आणि म्हणे, "मुलांनो, एकदा तुमच्या सरांनाही असंच दारातून परत पाठवलं होतं." मग १९९७ सालची माझी बारावीची परीक्षा, हॉल तिकिटावर नावातले एक अक्षर चुकलेले, दारावरचे कठोर अधिकारी, आणि त्यामुळे आयुष्यभर मॅट्रिकच राहिलेले, पुढे चित्रकलेची पदविका घेऊन कसेबसे मास्तर झालेले तुमचे सर. (आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात.) मुले 'अरेरे' म्हणत. हीच गोष्ट मी लग्नाआधी सौ.ला सांगितली होती, सासऱ्यांना सांगितली होती आणि चिरंजीवांना तर ते पाटी गिरवत होते तेव्हापासून.

तेव्हा नोव्हेंबरात मी त्याला म्हटले, "धोंडोपंत चालत आले त्या वाटेने आपण सायकलीवरून येऊ." त्याने माझ्याकडे पाहिले. घरात बसून राहण्यापेक्षा तेही बरे, असा काहीसा हिशेब त्याने केला असावा. "तुमची ती काळी सायकल?" एवढेच त्याने विचारले.

ती काळी सायकल माझ्या वडिलांची. दांड्याची, घंटीखेरीज सारे वाजणारी, चोवीस इंची. चिरंजीवांनी मित्राची गिअरची सायकल मागून आणली. ओळखीच्या एका भाजीच्या टेम्पोतून दोन्ही सायकली कांद्याच्या पोत्यांवर पडून दापोलीला गेल्या आणि आम्ही एस.टी.ने. दापोलीला माझी थोरली बहीण दिलेली आहे. आक्काने दोन दिवस ठेवून घेतले आणि निघताना भाजणीच्या पुऱ्या, फणसपोळी आणि बाटलीभर आगळ बांधून दिले. दाजींनी काळी सायकल चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "हिच्यावरून कुंभार्ली चढणार? मग तुम्ही हिच्यावर बसणार की ही तुमच्यावर?"

मुरूड हे सरळ आखलेले गाव आहे. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, झाडांच्या मुळांशी खेळणारे पाटाचे पाणी, आणि गल्लीच्या टोकाला एकाएकी उघडणारा समुद्र. दुर्गादेवीच्या देवळात गेलो. कर्व्यांच्या स्मारकापाशी थांबलो. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले होते. आज गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. गावे माणसांपेक्षा जास्त जगतात, तेव्हा त्यांना मत बदलायला सवड मिळते.

किनाऱ्यावर चिरंजीवांनी हट्ट धरला, की प्रवास समुद्रापासून सुरू करायचा म्हणजे चाके पाण्याला लागलीच पाहिजेत. पाच महिन्यांत त्याने धरलेला हा पहिला हट्ट. मला इतका आनंद झाला, की मी दोन्ही सायकली ओल्या वाळूतून ढकलत लाटेत नेल्या. उत्तरेला हर्णैच्या अंगाला सुवर्णदुर्गाची रेघ दिसत होती. खारे पाणी आणि वाळू यांचे चेनशी काय नाते असते ते मला ठाऊक होते. पण त्या वेळी कळूनही वळले नाही. त्याचे फळ घाटात मिळाले.

आसूदपर्यंत रस्ता बरा आहे. आसूद ओलांडले की दापोलीची चढण सुरू होते. याच बाजूला गारंबी, श्री. ना. पेंडशांनी १९५२ साली 'गारंबीचा बापू' लिहून हा मुलूख मराठी वाचकांच्या ओळखीचा केला. मी त्याविषयी चिरंजीवांना काही सांगणार होतो. पण ते पुढे निघून गेले होते आणि माझा श्वास अशा कामाला शिल्लक नव्हता. साहेबाने छावणीसाठी हे पठार का निवडले ते दापोलीला पोचल्यावर कळते. वारा एकदम हलका होतो. जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात.

दापोलीहून खेडला जाताना उतार बराच. भात कापून झाले होते, खाचरांतून गुरे चरत होती आणि काही कलमांवर पहिला मोहोर आला होता. त्या वासात सायकल सोडून द्यावी आणि ब्रेकची आठवण ठेवू नये. पहिली रात्र जगबुडीच्या काठी खेडला काढली. जेवताना चिरंजीव तीन वाक्ये बोलले. ती तिन्ही सीटविषयी होती.

खेड ते चिपळूण हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण आम्हीही तो उरकलाच. मुंबई-गोव्याचा हमरस्ता, लोट्याचे कारखाने, अंगावरून जाणारे ट्रक. सायकलस्वाराला या रस्त्यावर कोणी माणसात धरत नाही. मात्र परशुरामाला थांबलो. डोंगराच्या कुशीतल्या त्या देवळापासून खाली वाशिष्ठीची वळणे आणि गोवळकोट दिसतो. देऊळ ब्रह्मेंद्रस्वामींनी बांधवले. सिद्दीच्या माणसांनी १७२७ साली ते लुटले तेव्हा स्वामी संतापून घाटावर गेले आणि साताऱ्याजवळ धावडशीला राहिले. म्हणजे कोकणातून रागावून साताऱ्याकडे जाणारे आणि साताऱ्याहून हिरमुसून कोकणात परतणारे, दोघांचाही रस्ता तोच. चिपळुणात चहा घेतला. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते ते हॉटेलवाल्याने हात वर करून दाखवले. त्याचा हात पुरला नाही, म्हणून तो खुर्चीवर चढला.

रात्री पोफळीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या पडवीत पथारी टाकली. म्हातारबाबांनी चौकशी केली. "सायकलवरनं? सातारला?" ते जरा विचारात पडले. "यष्टी बंद हाय काय?"

तिसऱ्या दिवशी कुंभार्ली.

घाट मोटारीतून पाहिलेल्यांना घाट माहीत नसतो, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. मोटारीत वळण येते आणि जाते. सायकल हातात धरून चढताना वळण येतच नाही. ते दिसते, तिथेच असते, आणि आपण चालत असतो. सकाळची उन्हे अजून दरीत उतरली नव्हती. ऐन, किंजळ, जांभूळ आणि वर वर जाताना अंजनीची झुडपे. बांबूच्या बेटांतून वाऱ्याची करकर. वानरांचे एक खटले कठड्यावर बसून आमची मजल पाहत होते. त्यांतल्या एका वयस्क वानराच्या तोंडावर नेमके दाजींचे भाव होते. खाली पोफळीचे वीजघर. आम्ही ज्या डोंगरावर घाम गाळत होतो त्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचे पाणी बोगद्यांनी खाली येते, वीज देते आणि वाशिष्ठीत पडते. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे पाणी असे पश्चिमेला अरबी समुद्रात जाते.

चिरंजीव गिअर बदलत पुढे गेले होते. निम्म्या घाटात माझी चेन आधी कुरकुरली, मग अडकली, आणि मग तुटली. मुरूडची वाळू ती. मी सायकल कठड्याला टेकवून बसून राहिलो. थोड्या वेळाने वरून टायरांचा आवाज आला. चिरंजीव परत आले होते. त्यांनी चेन पाहिली, उताराकडे पाहिले, चढाकडे पाहिले. "माथ्यावर दुरुस्ती मिळेल नाहीतर हेळवाकला," ते म्हणाले आणि आपली सायकल हातात धरून माझ्याशेजारी चालू लागले.

दोन माणसे शेजारी शेजारी सायकली ढकलत असली की एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. बोलायला ही फार सोयीची व्यवस्था आहे.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्हांला परत पाठवलं, त्या दिवशी तुम्ही घरी जाऊन आजोबांना काय सांगितलंत?"

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेन. त्यात मुलांचे 'अरेरे' कुठे येते तेही मला पाठ होते. पण हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, आणि त्यामुळे त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. मी म्हणालो, "मला कोणी परत पाठवलं नाही."

तेवढ्यात वळणावर एक ट्रक हॉर्न देत आला. आम्ही दरीच्या बाजूला दबून उभे राहिलो. ट्रक गेला. धूर गेला.

"काय म्हणालात?"

ते वाक्य दुसऱ्यांदा उच्चारणे पहिल्यापेक्षा कठीण गेले. आमचे गाव तेव्हा कृष्णेपलीकडे. आईने हातावर दही-साखर घातली, वडिलांनी स्वतःची सायकल दिली. मी माहुलीच्या पुलापर्यंत आलो आणि उतरलो. हॉल तिकीट खिशात होते. त्यातले एकही अक्षर चुकलेले नव्हते. संगमावरची देवळे दिसत होती, पाण्यात म्हशी बसल्या होत्या. मला काही येत नव्हते असेही नाही. पण नापास झालो तर वडील काय म्हणतील याचा विचार करता करता, परीक्षाच न दिली तर ते काहीच म्हणू शकणार नाहीत, असे माझ्या मनाने घेतले. संध्याकाळी घरी जाताना ते चुकलेले अक्षर मी रचले. ती माझी पहिली कादंबरी. वडिलांनी ती खरी मानली आणि माझ्यावतीने कोणाकोणाकडे जाऊन हात जोडले. त्यांना मी जिवंतपणी खरे सांगितले नाही.

वळणावळणांनी हे सारे सांगून झाले. मधे आणखी दोन ट्रक गेले. धोंडोपंतांना अन्यायाने परत पाठवले होते. मी त्यांच्या पंगतीला वीस-बावीस वर्षे फुकट बसलो होतो.

चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "दिवसभर पुलावरच होतात?"

"पुलाखाली. ऊन होतं."

"आणि जेवलात काय?"

"आईनं डबा दिला होता. पोळी आणि वांग्याची भाजी."

"हीच का ती सायकल?"

"हीच."

त्याने काळ्या सायकलीच्या हँडलवर हात ठेवला. पुढे बोलला तेव्हा तो समोरच्या चढाकडे पाहत होता. "जुलैत मी बसलो होतो पेपरला. पण काही लिहिलं नाही. उठायची परवानगी मिळेपर्यंत थांबलो, पेपर दिला आणि आलो. बारा वाजेपर्यंत स्टँडवर बसलो." थोडे थांबून तो म्हणाला, "म्हणजे तुमच्यापेक्षा मी थोडा तरी पुढे गेलो."

मी हसलो. हसावे की नाही हे ठरवायच्या आतच हसलो. तोही हसला, आणि कठड्यावरचे वानर उगीच दचकले. त्या घाटात नंतर आम्ही काय काय बोललो ते येथे लिहीत नाही. त्यातले निम्मे गणिताविषयी होते, आणि गणितात मी त्याच्या काही उपयोगी पडण्यासारखा नाही.

घाटमाथ्यावर चहा मिळाला, चेन मिळाली नाही. हेळवाकपर्यंत मी उतारावर नुसता बसून आणि चढावर ढकलत गेलो. तिथल्या दुकानदाराने तुटलेली कडी काढून चेन जोडली, दोन थेंब तेल सोडले आणि पैसे विचारले तर म्हणाला, "कडीचे काय पैसे घ्यायचे? पण समुद्रात परत घालू नका." त्याला कसे कळले, देव जाणे, चेन पाहूनच कळले असावे.

मुक्काम कोयनानगरला. एकशेतीन मीटर उंचीचे ते धरण संध्याकाळच्या उजेडात पाहिले. मागे शिवसागराचे पाणी आणि त्याच्या दोन्ही काठांनी अभयारण्याचे रान. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. चहावाले आजोबा सांगत होते, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते तिसरीत होते. आईने पांघरुणासकट उचलून अंगणात टाकले आणि ती पुन्हा घरात गेली, धाकट्याला आणायला. "आणली का?" चिरंजीवांनी विचारले. "आणली की. तो काय तिथं, भजी तळतोय." साठीतला धाकटा कढईमागून हसला.

चौथ्या दिवशी सकाळी मी सायकलीपाशी आलो, तर चिरंजीव काळ्या सायकलीवर सामान बांधत होते. "आज ही मी घेतो," ते म्हणाले. मला गिअर बदलता येत नाही, हे मी सांगून पाहिले. "येईल," ते म्हणाले, माझ्याच वर्गातल्या आवाजात. पाटणपर्यंत मला एकच गिअर सापडला होता, तोही चुकीचा. डावीकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. पुढे ऊस लागला, गुऱ्हाळांचा धूर लागला. मल्हारपेठेच्या अलीकडे एका गुऱ्हाळावर गरम काकवी मिळाली, ती आक्काच्या उरलेल्या पुऱ्यांबरोबर खाल्ली. इतका गोड घास मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता. अर्थात भूकही तशीच होती.

उंब्रजला पुणे-बंगळूरचा हमरस्ता. तेथून पुढे नुसती पायांची हमाली. अजिंक्यतारा दिसू लागला तेव्हा दिवस मावळायला आला होता. चिरंजीव काळ्या सायकलीवर पुढे होते आणि तिच्या वाजण्यावरून मला ते कुठवर गेले हे कळत होते. पायी चार दिवस धोंडोपंतांना लागले, चाकांवर चार दिवस आम्हांला. फरक म्हणजे, त्यांच्या वेळी पाऊस होता.

सौ. दारातच उभी होती. तिने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मुलाला विचारले, "काय रे, बोलले का हे काही वाटेत?"

"बोलले ना," चिरंजीव म्हणाले. "घाटात चेन तुटली, तेव्हा फार बोलले."

एवढेच. पाय धुऊन तो जेवायला बसला. फेब्रुवारीत तो परीक्षेला बसला आणि पूर्ण वेळ बसला. निकालाची गोष्ट त्याची आहे, ती मी लिहिणार नाही. माझी गोष्ट त्याने आजतागायत आईला सांगितलेली नाही. मी एप्रिलमध्ये वर्गात कर्व्यांचा धडा घेतला तेव्हा धोंडोपंत कोल्हापूरला पास झाले तिथेच थांबलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, तुमचं राहिलं." मी खडू शोधण्याचे निमित्त केले.

सौ.ला अजून काही ठाऊक नाही. दिवाळीचा अंक घरी आला की फराळाची ताटे भरता भरता पहिल्यांदा तोच तिच्या हाती जातो, आणि माझा लेख ती शेवटापासून वाचायला सुरुवात करते.